जूनमधला ‘मे’

केंब्रिज येथील ‘मे बॉल’विषयीं वाचकांस प्रथम सांगावयाची गोष्ट ही कीं, तो मे महिन्यांत होत नाहीं, जूनमध्यें होतो. पूर्वीं तो मेमध्यें होत असे. पुढें महिना बदलला, नांव तसेंच राहिलें. आमच्या गंगाखेडकडे पाटीलकी जाऊन कित्येक वर्षें लोटलीं, तरी घराला लोक पाटलाचा वाडाच म्हणतात. त्यांतलाच हा प्रकार. ट्रिनिटी कॉलेजांतील नावा वल्हविणाऱ्या विद्यार्थ्यांनीं 1866 सालीं शर्यतींच्या आनंदांत हा रात्रभराचा नाचोत्सव सुरू केला, आणि मग इतर कॉलेजांनीं तो उचलला. रँग्लर परांजपे यांचें नांव 1899 सालीं सेनेट हाउसमध्यें पहिल्या क्रमांकावर पुकारलें गेलें, ही हकीकत आपण लहानपणीं ऐकलेली असते. पण त्याच मोसमांत त्याच गांवीं रात्र रात्र वाद्यें वाजत, हें आपल्याला कोणी सांगितलेलें नसतें. परीक्षेची गोष्ट सांगावी आणि उत्सवाची गाळावी, ही आपली जुनी खोड आहे.

मी तेथें शिष्यवृत्तीवर गेलों होतों, साल 1996. बॉलचीं तिकिटें जोडप्यांना विकलीं जात. मला जोडीदारीण नव्हती, आणि असती तरी तेवढ्या पैशांत आमच्या शेतांतल्या विहिरीचें दोन परस खोदकाम झालें असतें. ही केवळ उपमा नव्हे. त्या उन्हाळ्यांत विहीर खरोखरच खणली जात होती, आणि तिचा अर्धाअधिक पैसा मी शिष्यवृत्तींतून वांचवून पाठवीत होतों. मीं तिकीट घेतलें असतें तर विहिरीवरचे कामकरी मृगाच्या आधींच घरीं गेले असते.

परंतु एक आडवाट होती. अर्धी रात्र वाढप्याचें काम करावें आणि उरलेली अर्धी पाहुणा म्हणून हिंडावें, अशी सोय विद्यार्थ्यांना होती. मीं नांव घातलें; मात्र त्यानंतर चार रात्री झोंप नीट आली नाहीं. आमच्याकडे पंगतींत वाढणें हा मान आहे. तें घरच्या मुलांनींच करावें. पण उष्टीं काढणें निराळें. माझे वडील—आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं—गंगाखेडच्या शाळेंत मास्तर होते. लग्नाच्या मांडवांत मठ्ठा कसा वाढावा हें त्यांनींच मला शिकविलें होतें. परक्यांचीं उष्टीं काढण्यासाठीं त्यांनीं मुलाला समुद्रापलीकडे धाडलें नव्हतें. त्यांना हें कळवावें कीं कळवूं नये?

रात्रीं नऊ वाजतां फाटकें उघडलीं तेव्हां सूर्य मावळावयाचा होता. हिरवळीवर तंबू, त्यांत रेशमी झगे, नदींत नावा. आणि जो तो मधूनमधून आभाळाकडे पाहत होता, पाऊस येऊं नये म्हणून. मीही ताटल्या उचलीत आभाळाकडेच पाहत होतों, तो यावा म्हणून. मृग लागून दहा दिवस झाले होते, आणि घरच्या शेवटच्या पत्रांत ढगाचा मागमूस नव्हता. केंब्रिजच्या ढगांचा गंगाखेडशीं कांहीं संबंध नाहीं हें मला पक्कें ठाऊक होतें. मान वर जावयाची ती जातच होती.

साडेबारा वाजतां माझी सुटका झाली. पाहुण्यांचा पोशाख म्हणजे काळा कोट, पांढरा सदरा आणि गळ्याशीं काळा बो. आम्हां वाढप्यांचाही तोच. मनगटावर एक फीत बांधली कीं वाढप्याचा पाहुणा होई. मी पाहुणा होऊन पांच मिनिटें झालीं नाहींत तों एका बाईंनीं माझ्याजवळ पाणी मागितलें. मीं आणून दिलें. मग त्यांना ती फीत दिसली, आणि त्या इतक्या ओशाळल्या कीं मला ओढीतच नाचाच्या तंबूंत घेऊन गेल्या.

तेथें स्कॉटलंड-आयर्लंडकडचा ‘केली’ नांवाचा सामुदायिक नाच चालला होता. स्पेलिंगावरून त्याचा उच्चार कोणाला करतां यावयाचा नाहीं. मला संस्कृतांतली केलि आठवली आणि शब्द पाठ झाला. एक गृहस्थ उंचावर उभे राहून पावलें पुकारीत होते. हा तर आमचा कवायतीचा मास्तर! लेझीम खेळलेले पाय आपोआप पडूं लागले. आपल्या स्नेहसंमेलनांत दहाजण नाचतात आणि हजारजण बसून पाहतात, वर शेलापागोटीं वाटून नाचणाऱ्यांची थट्टाही करतात. तेथें बसून पाहण्याची सोयच ठेवलेली नव्हती. मला तें आवडलें.

पावणेपांचाला सूर्य उगवला. शेवटपर्यंत जागलेल्यांचें एकत्र छायाचित्र घेण्याची तेथें रीत आहे. मी त्यांत मागच्या रांगेंत आहें. पाहुण्यांत आहें कीं वाढप्यांत, हें छायाचित्रावरून ओळखूं येत नाहीं. गंगाखेडला त्या वेळीं सव्वानऊ वाजून गेले होते.

त्याच दिवशीं मीं अण्णांना सारें लिहिलें, उष्ट्यांसकट. उत्तर तीन आठवड्यांनीं आलें. अण्णा 1948 पूर्वीं, निजामाच्या अमदानींत, थोडेंबहुत उर्दू शिकले होते. त्यांनीं बॉलला सरळ ‘जलसा’ म्हटलें होतें. उष्ट्यांविषयीं एकच वाक्य होतें: जनाबाई आपल्याच गांवची, नामदेवाच्या घरीं तिनें कोणकोणतीं कामें केलीं तें तुला सांगावयास नको. मग वाढप्यांना जेवण पंगतीच्या आधीं मिळालें कीं मागून, याची चौकशी होती. पाऊस झाला, पेरणी आटोपली. विहिरीला सातव्या परसावर काळा कातळ लागला आहे. सुरुंगाचे पैसे लौकर धाड.