दोन तासांचं अंतर

दिल्लीला नोकरी लागली तेव्हा मुलाने आईची समजूत काढली होती, ''अगं, दोन तासांवर तर असणार आहे मी! सकाळी निघालो की दुपारी तुझ्या हातची आमटी खायला हजर.'' डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या आईलाही ते पटलं. भेटेल त्याला ती कौतुकाने सांगायची, ''मुलगा दोन तासांवर आहे माझा.''

हिशेब खोटा नव्हता. दिल्ली-मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर. कोटा, रतलाम, बडोदा असा वळून येणारा रेल्वेमार्ग १३८४ किलोमीटरचा. राजधानी एक्स्प्रेसला त्यासाठी सोळाएक तास लागतात, विमानाला सव्वादोन. पण वेळापत्रकातली ही वेळ विमान एका विमानतळावर जागचं हलल्यापासून दुसरीकडे उभं राहीपर्यंतची असते. घराच्या दारापासून दारापर्यंतची नसते.

जानेवारीतल्या एका सकाळी सहा वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. आई बाथरूममध्ये घसरून पडली होती. भिंतीवर तांब्या आपटून तिने काकूंना बोलावलं होतं. ''घाबरू नकोस, मी आहे इथे. तू नीट ये,'' काकू म्हणाल्या.

साडेदहाच्या विमानाचं तिकीट मिळालं. मयूर विहारहून विमानतळ गाठायला तास गेला. पुढे तपासणीच्या रांगा आणि त्यात दिल्लीचं थंडीतलं धुकं. विमान सुटलं तेव्हा सव्वा वाजून गेला होता. आकाशात मात्र खरोखरच दोन तास गेले. मग मुंबईत टॅक्सीसाठी ताटकळणं, ठाण्यापुढची वाहनांची कोंडी. तो रुग्णालयात पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. घड्याळात पाहिलं, फोन येऊन बारा तास झाले होते.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. रिक्षा, एक्स-रे, अनामत रक्कम, सगळं काकूंनी निभावलं होतं. दाखल करतानाच्या कागदावर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'बहीण'.

''काकू, फार उशीर झाला मला,'' तो ओशाळून म्हणाला.

''अरे, विमानाहून लवकर कसा येणार होतास? आधी चहा घे.''

शस्त्रक्रिया नीट झाली. आईला घरी आणल्यावर त्याने बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. घराची एक किल्ली काकूंकडे दिली. डॉक्टरांचा फोन, आईची औषधं, विम्याचा क्रमांक हे सगळं ठळक अक्षरांत लिहून दोन्ही घरांत लावलं. थोडे पैसेही काकूंकडे ठेवले, त्यांनी आढेवेढे घेतले तरी. आता रविवारी आईशी बोलून झालं की तो काकूंनाही फोन करतो.

आई अजून सगळ्यांना तेच सांगते, ''मुलगा दोन तासांवर आहे.'' तो तिला दुरुस्त करत नाही. दिल्लीत कुणी विचारलं, तर मात्र म्हणतो, ''मी बारा तासांवर आहे. काकू दोन मिनिटांवर आहेत.''