सत्तर माणसांचा हॉल

मी इंदूरचा. जन्म रामबागेतला, बी.कॉम. इथलंच, ३६ वर्षं बँकेत काढली आणि आता १२ वर्षं आमच्या मंडळाचा खजिनदार आहे. इथे बरेच जण वाडे, गणपती, शाळा यांच्या आठवणी लिहितात. मी एका छोट्या हॉलबद्दल लिहितो, कारण त्याच्यावरून मागच्या वर्षी आमच्यात चांगलीच जुंपली होती.

हॉल म्हणजे काय, खाली जाजम, भिंतीकडेने गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या, समोर वीतभर उंचीची बैठक. दाटीवाटीने सत्तर माणसं मावतात. महिन्यात एका शनिवारी गाणं, एका शनिवारी व्याख्यान. माइक फक्त व्याख्यानाला. मोठ्या थिएटरात तानपुरे पडद्याआड जुळून येतात. इथे ते आपल्यासमोर जुळतात, आणि ती दहा मिनिटंसुद्धा लोक गाण्यासारखीच ऐकतात. जागा चांगली लागली की पुढे बसलेल्यांच्या माना हलतात, गायक त्यांच्याकडे बघून हसतो आणि मग सुरू करतो. समोरच्याचा चेहरा दिसला की गाणं बदलतं, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलंय.

आमच्या गावाला ही सवय जुनीच. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे वडील होळकर दरबारात वादक होते. खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्याला अपघातात गेले, तेव्हा मी बँकेत नवीनच लागलो होतो. कुमारजी १९४८ साली क्षयाच्या आजारात हवा मानवावी म्हणून देवासला आले ते १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत, तिथेच राहिले. देवास म्हणजे आम्हाला तासाभराची वाट. त्यामुळे मोठं गाणं आम्हाला कधी परगावचं वाटलंच नाही. साहित्याचंही तेच. अखिल भारतीय संमेलन इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलं.

पण इतिहासावर वीजबिल भरता येत नाही. आमच्या घरांतली मुलं पुणे-बंगलोरला गेली. गाण्याला हॉल अजून भरतो, कारण सुराला भाषा लागत नाही. व्याख्यानाला मात्र वीस-बावीस डोकी, त्यातले चार कार्यकारिणीचे. त्यात पावसाळ्यात छत गळायला लागलं.

मागच्या वर्षीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने, तरुण म्हणजे पंचेचाळिशीचा, सरळ मांडलं. शनिवार हाच भाड्याचा दिवस. हळद, वाढदिवस, साखरपुडा, सगळ्यांना शनिवार हवा. आपण तोच अडवून बसतो. शनिवार सोडा, आणि व्याख्यानं हिंदीत करा.

झालं! "मग मंडळ काढलं कशाला?" म्हणून आमच्या वयाचे सगळे उठले. तोही शांतपणे म्हणाला, "काका, भावनेनं छत गळायचं थांबत नाही."

मला त्याचा राग आला नाही. हिशोबाच्या माणसाला हिशोबाचं बोलणं कळतं. मी आठवड्याची मुदत मागितली आणि पाच वर्षांच्या वह्या काढून बसलो. एका बाजूला कलाकाराचं मानधन, साथीदार, प्रवास, चहा-पोहे. दुसऱ्या बाजूला भाडं आणि वर्गणी. तेव्हा दिसलं की तोटा शनिवारचा नव्हताच. सोमवार ते गुरुवार हॉलला कुलूप असायचं, तिथेच पैसा बुडत होता. रिकामी खोलीसुद्धा खर्च करते, दिवाबत्तीचा आणि झाडलोटीचा.

मग ठरलं ते असं. सकाळी योगाचा वर्ग, संध्याकाळी तबल्याचा आणि चित्रकलेचा, तिघांकडून महिन्याचं भाडं. छतासाठी वेगळी वर्गणी. गाण्याचा शनिवार कायम. व्याख्यान एक महिना मराठीत, एक महिना हिंदीत. मीही बाजूने हात वर केला.

त्या हात वर करण्याची किंमत वहीत लिहिता येत नाही. माझा एक जुना मित्र, चाळीस वर्षं शेजारी बसून गाणं ऐकलेला, त्या दिवसापासून हॉलवर आला नाही. त्याचं म्हणणं, आज अर्धी व्याख्याने गेली, उद्या उरलेली जातील. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आकडा नाही. दर महिन्याची पत्रिका मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देतो. वहिनी चहा देतात. तो विचारतो, काल काय गायले? मी राग सांगतो. "बंदिश कुठली?" इथपर्यंत चौकशी होते, पण "येतो" म्हणत नाही.

वर्षभरात छत झालं. हिंदी व्याख्यानांना पन्नास-साठ लोक येतात. त्यातली तबल्याच्या वर्गातली दोन मुलं पुढच्या महिन्यात मराठीलाही येऊन बसली. घरी मराठी नाही त्यांच्या. म्हणाली, "आधा समझ में आता है, दादाजी." मराठीची संख्या बावीसवरून अठ्ठावीसवर गेलीय. फार नाही, पण घटली नाही, एवढं खजिनदार म्हणून नक्की सांगतो.

बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमच्याकडेही असे हॉल असतील. तुम्ही कसं चालवता? मराठी व्याख्यानाला माणसं कुठून आणता? जरूर लिहा. तुमची उत्तरं छापून पत्रिकेसोबत मित्राकडे नेईन म्हणतो. माझं नाही ऐकलं तरी तुमचं ऐकेल कदाचित.