हलणारी बटणं

2010 साली आमच्या उर्दू शाळेचं स्नेहसंमेलन झालं, तेव्हा बऱ्याच मुलांच्या आया आल्याच नाहीत. सोलापुरात आमच्या भागात बायका घरोघरी बिड्या वळतात. हजाराचा हिशेब पुरा झाल्याशिवाय सूप खाली ठेवता येत नाही आणि कारखान्याच्या ब्रँचला माल द्यायची वेळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून ठरलं, कार्यक्रमाची डीव्हीडी करून घरी द्यायची. शूटिंगवाल्यानं अडीच तासांची एक सलग फाईल दिली. मेनू हवा असेल तर पैसे वेगळे. शाळेकडे पैसे नव्हते. मी म्हटलं, मी शिकते.

शिकवणारा भेटला तो माझाच जुना विद्यार्थी. नववीत शाळा सोडून लग्नाच्या कॅसेटी कापायला लागलेला. वर्गात मी त्याला कितीदा उभं केलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं, पण कुणी बोललं नाही. शाळा सुटली की मी दुकानात त्याच्या शेजारी स्टुलावर बसायची. पहिल्याच दिवशी मी माउसकडे हात नेला, तर तो म्हणाला, "टीचर, पहले देखो, फिर हात लगाओ." हे माझंच वाक्य होतं.

त्याच्याकडे अ‍ॅडोबीचं प्रीमियर होतं आणि डीव्हीडी बांधायला एनकोर. मेनूचं चित्र फोटोशॉपमध्ये करायचं. ज्या थराच्या गटाला बटण करायचं, त्याच्या नावाआधी कंसात अधिकची खूण टाकायची, की एनकोर त्याला बटण समजतो. इथवर सोपं वाटलं. अडचण आली ती अक्षरांची. उर्दू टाइप केली की अक्षरं एकमेकांचा हात सोडून उलटी उभी राहायची. मराठीत 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. दोन्ही भाषा शिकवून पोट भरणारी मी, आणि मशीनला दोन्ही येत नव्हत्या! शेवटी उर्दू इनपेजमध्ये नस्तालीकमध्ये लिहिली, मराठी श्रीलिपीत, आणि दोन्हींची चित्रं करून आत आणली.

दिशेचंही तसंच. उर्दूच्या सवयीनं मी पहिला कार्यक्रम उजवीकडे वर ठेवला होता. पण रिमोट हातात घेतला की खूण डावीकडे उभी. कुठल्या बटणावरून कुठला बाण दाबला की कुठे जायचं, हे एनकोर आपलं आपण ठरवत होता. ते बंद करून प्रत्येक बटणाच्या चार दिशा हातानं जोडाव्या लागल्या.

मग मला हौस सुटली. पडदा सरकतो, चांदण्या पडतात, शाळेचं नाव फिरत येतं, मागे तराणा. वीस सेकंद. भारनियमनात दोनदा लाइट गेली, यूपीएसनं दहा मिनिटांत मान टाकली, रेंडर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर मेनू उतरला, तेव्हा मी घरी शेवया केल्या.

ती डिस्क घेऊन मी एका विद्यार्थिनीच्या घरी गेले. तिची आई मांडीवर सूप घेऊन बसली होती, हात तंबाखूनं पिवळे. पडदा सरकला, चांदण्या पडल्या. मी कौतुकानं रिमोट पुढे केला. तिनं हात पदराला पुसला, रिमोट घेतला आणि तशीच बसून राहिली. मग हळूच विचारलं, "टीचर, इसमें पढ़ना पड़ता क्या?"

मी कितीतरी वर्षं पालकसभेत या बाईचा अंगठा घेत आले होते.

त्यात टीव्हीनं माझ्या चौकटीची कड कापली होती आणि निवडलेलं बटण दाखवणारी फिकट पिवळी रेघ दिसतच नव्हती. दुकानात येऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "तो फिर नाम निकालो. बच्चे डालो."

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्यावर सहा चौकोन, प्रत्येकात त्या त्या कार्यक्रमाची मुलं हलताना. आधी मी साधे फोटो लावून पाहिले होते. पण डीव्हीडीचं अख्खं चित्रच 720 बाय 576 ठिपक्यांचं, त्यातल्या छोट्या चौकोनात पांढऱ्या ओढण्यांतल्या सगळ्या मुली सारख्याच दिसत. हलल्या की मात्र वेगळ्या दिसत. एक सारखी ओढणी सावरते, एक उजव्या पायावर भार देते.

सहाही चौकोन मिळून प्रत्यक्षात एकच व्हिडिओ असतो. निवडल्याची खूण त्यावर वेगळी ठेवलेली असते आणि ती स्थिर असते. म्हणून मुलं चौकोनात कितीही नाचली तरी चौकोन जागचा हलता कामा नये. खूण आम्ही जाड आणि लाल केली. सगळं कडेपासून आत घेतलं. पडदा, चांदण्या गेल्या. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुन्हा त्याच घरी गेले. डिस्क लावली. मी रिमोट द्यायच्या आतच ती डावीकडच्या खालच्या चौकोनाकडे बोट करून म्हणाली, "वो रही मेरी." बाण दोनदा दाबला, लाल खूण तिथे नेली, मधलं बटण दाबलं. कुणी शिकवलं नव्हतं.

त्या मुलीचं पुढच्या वर्षी दहावीच्या आधीच लग्न झालं. मी दोनदा घरी जाऊन बोलले, उपयोग झाला नाही. नंतर एकदा त्या गल्लीतून जाताना तराणा ऐकू आला म्हणून डोकावले. टीव्हीवर मेनू चालू होता. आई खाली मान घालून बिड्या वळत होती, मधूनच वर बघत होती. तीस सेकंद झाली की मेनू पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "आगे का लगाऊँ?" ती म्हणाली, "नको, इतकंच बरं. पुढं गेलं की संपतं."

मग म्हणाली, "पण टीचर, मधेच एक झटका येतो. पोरगी दचकल्यागत होती."

मेनू जिथे संपून पुन्हा सुरू होतो तिथे प्लेअर क्षणभर अडखळतो. ते अडखळणं घालवता येत नाही, पण शेवटचं चित्र आणि पहिलं चित्र जुळवलं तर कळून येत नाही. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेले. तीस सेकंदांची साडेसातशे चित्रं. त्यातलं एक असं शोधलं, जिथे ती ओढणी सावरून हात खाली आणते, अगदी सुरुवातीला उभी असते तशी. तिथे कापलं.

दुसऱ्या दिवशी नवी डिस्क देऊन आले. दचकणं गेलं होतं. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं.