हमरस्ता सोडून दोन मैल

चिरंजीवांच्या किंवा कन्येच्या बिऱ्हाडी अमेरिकेस जाऊन आलेली मंडळी एक तक्रार हटकून करतात : मोठी शहरे मागे पडली की त्या मुलखात धड काही खावयास मिळत नाही. आमचे चिरंजीव आयोवा संस्थानात नोकरीस असल्यामुळे तिकडील मध्यपश्चिम भागात मोटारीने पुष्कळ फिरण्याचा योग आम्हांस आला. त्यावरून आम्हांस वाटते की, तक्रार करणाऱ्यांनी हमरस्ता सोडलाच नसावा.

आयोवातून 80 क्रमांकाचा महामार्ग आडवा गेला आहे. 1956 च्या कायद्यानंतर असे रस्ते देशभर झाले, ते बहुधा गावांना वळसा घालून. त्यामुळे फाट्यावर दिसतात ती बड्या कंपन्यांची उपाहारगृहे. सर्वत्र पाटी तीच आणि चवही तीच. खरे गाव दोन-चार मैल आत असते. तेथे जाऊन कोर्टाची इमारत शोधावी. या संस्थानात 99 काउंट्या आहेत (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग समजावा), आणि काउंटीच्या मुख्य गावी पुष्कळदा चौकाच्या मधोमध कोर्ट व सभोवार विटांची जुनी दुकाने असा थाट असतो. घरच्या माणसांनी चालविलेली खाणावळ असलीच, तर बहुधा त्या चौकात.

ती बरी की वाईट, हे आत न शिरता ओळखता येते. आयोवातील बहुतेक मोटारींच्या नंबराच्या पाटीवर काउंटीचे नावच छापलेले असते. सकाळी सहा-सातच्या सुमारास दारापुढे त्याच काउंटीच्या चिखलाने माखलेल्या गाड्या दिसल्या, तर खुशाल आत जावे. रोज येणाऱ्या शेतकऱ्यास वाईट अन्न घालून दुकान चालत नाही. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, आम्ही पाट्यांवरून पाकाचे केले. ते फारसे चुकले नाही. वाटल्यास सार्वजनिक ग्रंथालयात विचारावे, पण 'येथे चांगले कोठे मिळते?' असे नव्हे, तर 'आपण स्वतः कोठे जेवता?' असे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे निराळी येतात! मात्र उशीर करू नये. अशा कित्येक खाणावळी दुपारी दोनलाच बंद होतात, आणि सोमवारी दार उघडेलच असे नाही.

आता शाकाहाराचा प्रश्न. भाज्यांचे म्हणून जे सूप येते, त्यास पुष्कळदा गोमांसाच्या काढ्याचा आधार असतो, आणि बटाटे ज्या तव्यावर परततात त्यावरच डुकराचे मांसही भाजतात. 'पाय' नामक पक्वान्नाचे नाव ऐकून कोणी दचकू नये. आत फळांचे सारणच असते. तथापि पारीत डुकराची चरबी घालण्याची जुनी चाल आहे, म्हणून विचारून घ्यावे. वाढणाऱ्या बाईंस सरळ सांगितले की त्या स्वयंपाकघरात जाऊन चौकशी करून येतात. कंपनीच्या दुकानात ही सोय क्वचितच. बिलाच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी ठेवण्यास कुचराई करू नये. त्यांचे वेतन तिच्या हिशेबानेच कमी ठेवलेले असते.

एकत्र कुटुंबातील वाचकांस आमाना येथील सात खेडी विशेष आवडतील. तेथील जर्मन धर्मपंथीयांचे 1932 पर्यंत सारे सामाईक होते. पन्नासांहून अधिक स्वयंपाकघरे, आणि एकेकात तीस-चाळीस पाने! पुढे ती व्यवस्था मोडली, पण भाजीची भांडी टेबलावर ठेवून हातोहात फिरविण्याची रीत तेथील उपाहारगृहांत उतरली.

ईशान्येस बॉलटाऊन म्हणून शंभराच्या आतील वस्तीचे गाव आहे. तेथील ब्राइटबाख कुटुंबाची खाणावळ 1852 पासूनची. 2007 च्या डिसेंबरात ती जळाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने काही महिन्यांत उभी राहिली, तो 2008 च्या ऑक्टोबरात पुन्हा भस्मसात झाली. आणि 2009 साली पुन्हा बांधली गेली.

सर्वच गावांचे असे भाग्य नसते. एके ठिकाणी चौकातील खाणावळीच्या दारावर हस्ताक्षरातील कागद होता : आम्ही थकलो, पुढे चालविण्यास कोणी नाही, इतक्या वर्षांच्या लोभाबद्दल आभारी आहो. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या मांडून ठेवल्या होत्या. ग्रंथालयातील बाईंनी मग सतरा मैलांवरील दुसरे गाव सांगितले. आम्ही पावणेदोनला पोहोचलो. दार अजून उघडे होते, आणि रुबार्बचा पाय शिल्लक होता.