गहू पिकवतो, पण पुरण वाटीत घेतो

गौरी-गणपती जवळ आले. आमची मांजरी २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, तरी सणाला भावकी एकाच पंगतीला बसते. माझ्या पानात पोळी का नाही, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. म्हणून आज पिकाऐवजी पोटाचं लिहितो.

मला सिलिॲक आहे. गहू आणि जवात ग्लूटेन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतली लव झिजते, खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, अशक्तपणा, रक्त कमी, असं दोन वर्षं चाललं. रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा निदान झालं. यावर गोळी नाही, जन्मभर गहू बंद हाच इलाज. आणि मी दरवर्षी एकरभर लोकवन पेरतो!

पथ्य रोज जड जात नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं. अवघड जातं ते सणाला. वहिनी म्हणायच्या, "भावजी, गौरीचा प्रसाद आहे, एक घास तरी घ्या. घासानं काय होतंय?" त्यांची माया कळायची, पण आतड्याला प्रसाद कळत नाही. घास नाकारला की त्यांचं तोंड उतरायचं आणि मलाही जेवण गोड लागायचं नाही.

मग एकदा रानातलंच उदाहरण दिलं. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता टोमॅटोवर फवारला तर काय होतं? पानं आकसतात, प्लॉट जातो. पंपात औषध कितीसं उरलेलं असतं? माझ्या पोटाचं तसंच आहे. हे सगळ्यांना लगेच पटलं.

आता घरी असं चालतं. पोळ्यांचं पीठ काढायच्या आधी माझं पुरण बाजूला निघतं. पुरण म्हणजे हरभरा डाळ आणि गूळ, वाटीत घेऊन वर तूप. कटाची आमटी-भात, उकडीचे मोदक चालतात. हिंगाची डबी वाचून घ्यायची, पुष्कळ हिंगात मैदा असतो. कुरडई गव्हाची, म्हणून माझी भजी तिच्या आधी, ताज्या तेलात. ज्वारी घरघंटीवर दळतो, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असतो. 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेल्या पाकिटात किलोला २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं, असा सरकारी नियम आहे. यावरून समजा, हात किती राखून वाढायला पाहिजे ते.

तुमच्या पंगतीत असं कुणी असेल तर त्याला आग्रह करू नका. त्याचं पान आधी वाढा, डाव वेगळा ठेवा. आणि घरात कुणाला कायम जुलाब असतील, रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना सिलिॲकचं विचारा. पण तपासणीच्या आधी आपल्या मनानं गहू सोडू नका, रिपोर्ट चुकतो.

वहिनी यंदा माझ्यासाठी तांदळाच्या पिठाचे अनारसे करणार आहेत. गूळ मी देतोय.