भट्टीविना मणी

काच म्हटली की भट्टी आलीच. शुद्ध सिलिका वितळवायची तर सतराशे अंशांच्या वर धग लागते. पण त्याच सिलिकाचे एकसारखे गोल मणी, केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान, साध्या चंबूत, खोलीच्या तापमानाला तयार होतात. तेही आपल्या डोळ्यांदेखत. हे मी हैदराबादच्या तारनाक्याला शिकले, आयआयसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत. नांदेडहून एम.एस्सी. होऊन एका प्रोजेक्टवर तिथे गेले होते.

नांदेडच्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही. 1944 साली हैदराबाद संस्थानाने ही प्रयोगशाळा काढली तेव्हा नांदेड, परभणी त्याच संस्थानात होते. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि त्याच वर्षी प्रयोगशाळा सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडे. तेव्हाचं तिचं नाव आरआरएल, 1989 पासून आयआयसीटी. मी खोली घेतली होती त्या गल्लीतले म्हातारे अजून आरआरएलच म्हणत. आजूबाजूला पोषणसंस्था, पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राची सीसीएमबी, भूभौतिकीची एनजीआरआय, उस्मानिया विद्यापीठ. मेसमध्ये शेजारी बसलेला माणूस भूकंपावर काम करत असे किंवा नाचणीवर, आणि दोघांनाही आपल्या कामाबद्दल सांगायचं असे. त्या वस्तीत मला फार बरं वाटलं.

मण्यांची कृती वेर्नर स्टोबर, आर्थर फिंक आणि अर्न्स्ट बोन यांनी 1968 मध्ये छापली. ती अजूनही जगभर तशीच वापरतात. 50 मिली इथेनॉल, 5 मिली पाणी, 3 मिली लिकर अमोनिया हे चंबूत ढवळत ठेवायचं आणि त्यात 3 मिली टीईओएस, म्हणजे सिलिकॉनचं एक द्रव संयुग, एका दमात ओतायचं. इथेनॉल अबकारी खात्याच्या नियमांतलं, म्हणून कुलपात. प्रत्येक मिलीची नोंद रजिस्टरात. टीईओएसची वाफ डोळ्यांना वाईट आणि अमोनियाचा भपकारा तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा सगळं काम फ्यूम हूडमध्ये.

ओतल्यावर काही मिनिटं काहीच होत नाही. द्रव पाण्यासारखा स्वच्छ. आतमध्ये मात्र पाणी टीईओएसच्या रेणूवरचे इथॉक्सी गट एकेक करून काढत असतं आणि मोकळे झालेले सिलिकॉन ऑक्सिजनच्या दुव्याने एकमेकांना जोडले जात असतात. मग बाजूने पाहिलं तर निळसर झाक दिसते. चंबूच्या मागे टॉर्च धरली तर आरपार आलेला उजेड पिवळा, नारिंगी होत जातो आणि बाजूला फेकला गेलेला निळा. आकाश निळं आणि मावळता सूर्य तांबडा दिसण्यामागचं कारण इथे वीतभर काचेत उभं राहतं. आणखी थोड्या वेळात सगळं पांढरंशुभ्र. दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, वाळवलं की हातात येते जेमतेम पाऊण ग्रॅम पूड. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे मणी इतके एकसारखे दिसतात की पहिल्यांदा पाहताना मी बराच वेळ पडद्यासमोरून हलले नाही.

साधी कृती म्हणजे ढिली कृती, असा एक समज असतो. आमच्या सरांनी तो पहिल्याच आठवड्यात मोडून काढला. वहीत प्रत्येक बॅचसमोर खोलीचं तापमान लिहायचं, असा त्यांचा दंडक होता. हैदराबादच्या मे महिन्यात दुपारी टेबलावरचा पारा चढलेला असतो. अशा वेळी मणी लहान होतात. डिसेंबरच्या सकाळी तीच मापं घेतली तर मोठे. उष्णतेत सुरुवातीला जास्त बीजं जन्मतात आणि आहे तेवढं सिलिका त्यांच्यात वाटलं जातं. अमोनियाचंही तसंच. बाटली वारंवार उघडली की वायू उडून जातो, द्रावण सौम्य होतं आणि मण्यांचा आकार उतरतो. म्हणून आम्ही अमोनिया छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवत असू आणि चंबू 25 अंशांच्या वॉटर बाथमध्ये. महागडी यंत्रं नसताना शिस्त हेच यंत्र होतं, आणि मला ते मनापासून आवडलं.

पण नुसत्या मण्याचा उपयोग मर्यादित. त्याच्या पृष्ठभागावर एखादा रंगद्रव्याचा, औषधाचा किंवा एन्झाइमचा रेणू बांधायचा तर पकडायला काहीतरी हवं. त्यासाठी एपीटीईएस नावाचा रेणू वापरतात. त्याची तीन टोकं सिलिकाला घट्ट बसतात आणि चौथ्या टोकाला अमाइन गट मोकळा राहतो. माझं सगळं काम या चौथ्या टोकाभोवती होतं.

कोऱ्या सिलिकाच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात ऋण भार असतो. सगळे मणी एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते तरंगत राहतात. अमाइन बसत जातो तसा धन भार वाढतो, आणि मधल्या टप्प्यावर बेरीज शून्याशी येते. त्या क्षणी कोणी कोणाला लोटत नाही. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि सगळं तळाला बसतं. एपीटीईएस कमी पडलं की हे हमखास. जास्त घातलं आणि पाणीही जास्त असलं तर ते मण्याला धरायचं सोडून आपापसातच जुळतं. पुरेसं बसलेलं असेल तर अॅसेटिक आम्लाचे दोन थेंब पुरतात: अमाइनवर प्रोटॉन चढतो, भार परत येतो आणि सोनिकेटरमध्ये ठेवलेल्या गुठळ्या सुटून पुन्हा पांढरं, सलग द्रावण होतं. पृष्ठभागाचा भार दाखवणाऱ्या झीटा मीटरवर आकडा ऋणाचा धन झालेला दिसतो तो नंतर. डोळ्यांना आधी कळलेलं असतं.

अमाइन बसला हे दाखवायची सर्वांत स्वस्त चाचणी निनहायड्रिनची. पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला वापरतात तेच हे द्रव्य. अमाइन भेटला की गरम केल्यावर जांभळा रंग येतो. पण मेख अशी, की अमोनियालाही तोच जांभळा रंग येतो, आणि आमचे मणी तर जन्मले अमोनियात. नीट धुतले नाहीत तर कोरे मणीसुद्धा जांभळे होणार आणि आपण खुशीत टाळ्या वाजवणार. म्हणून प्रत्येक वेळी दोन परीक्षानळ्या: एकीत एपीटीईएस लावलेले मणी, दुसरीत तितक्याच वेळा धुतलेले कोरे. जांभळी नळी सगळे कौतुकाने पाहतात. मी आधी दुसरी पाहते. ती पांढरी राहिली तरच पहिलीला अर्थ आहे. हातमोज्याशिवाय काही धरायचं नाही, कारण घामातही अमिनो आम्लं असतात.

सिलिकाचा पृष्ठभाग किती कामाचा आहे हे कोविडच्या काळात घरोघरी पोचलं, नाव न कळता. आरटीपीसीआरआधी नमुन्यातून आरएनए वेगळं काढणाऱ्या बहुतेक किटमध्ये सिलिकाच असतं, कधी चाळणीच्या पडद्यावर, कधी चुंबकी मण्यांवर चढवलेलं. योग्य क्षारांत आरएनए त्याला चिकटतं आणि साध्या पाण्यात सुटतं. शेजारच्या सीसीएमबीने तेव्हा हा टप्पाच गाळणारी कोरड्या स्वॅबची पद्धत काढली, कारण किट महाग होते आणि वेळही खात होते. मला दोन्ही गोष्टींचं सारखंच कौतुक वाटतं.

आता मी नांदेडला बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते. आमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. मग मण्यांचं माप कसं कळायचं? काचपट्टी मण्यांच्या पातळ द्रावणात उभी ठेवायची आणि हलवायची नाही. द्रव उडत जातो तसे मणी थरावर थर रचून बसतात, ओपल रत्नात असतात तसे. रचना नीट जमली तर पट्टी रंग दाखवते. समोरून पाहताना हिरवी झाक असेल तर मणी साधारण 240 नॅनोमीटरचे. निळी असेल तर दोनशेच्या आसपास. तांबडीकडे झुकली तर तीनशेच्या जवळ. तिरपं पाहिलं की रंग निळ्याकडे सरकतो. मणी लहानमोठे असतील तर रंग येतच नाही, पट्टी नुसती पांढरी राहते. म्हणजे मापाबरोबर एकसारखेपणाचीही परीक्षा होऊन जाते, एका काचपट्टीच्या खर्चात.

मुलं पट्टी खिडकीशी नेऊन तिरकी-सरळ करत बसतात. रंग आला की लगेच फोनवर फोटो. मी त्यांना निनहायड्रिनच्या दोन्ही नळ्यांचा फोटोही वहीत चिकटवायला लावते, आणि खाली बॅचचं तापमान. यंदा एका मुलीने मेमधल्या आणि जानेवारीतल्या पट्ट्या शेजारी ठेवल्या आहेत. एक निळी, एक हिरवी. मधल्या महिन्यांच्या पट्ट्या ती आता करते आहे.