भिऱ्याची वीज, तारापूरची वीज

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात अणुऊर्जेचं वेगळं दालन आहे. मुळशी तालुक्यातल्या आमच्या शाळेची नववीची मुलं घेऊन मी तिथे गेले होते.

मुलं सगळ्यात जास्त रेंगाळली ती इंधनाच्या जुडग्यापाशी. होती प्रतिकृतीच, पण नजर हटेना. जेमतेम अर्धा मीटर लांबीच्या, बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या गोलाकार जुळवलेल्या. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीत अशा 37 नळ्यांचा एक जुडगा असतो. नळ्यांत युरेनियमच्या संयुगाच्या वड्या ओळीने भरतात. अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं.

"मॅडम, म्हणजे शेवटी फिरवायचं टर्बाइनच ना? आपल्या भिऱ्यासारखं?" एका मुलीने विचारलं.

किती नेमकं बोलली पोरगी! मुळशी धरणाचं पाणी 1927 पासून सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला जातं, तिथली टर्बाइनं फिरवतं आणि वीज मुंबईला मिळते. तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 साली सुरू झाली.

तारापूरचं नाव वाचताना मला अक्करपट्टी आणि पोफरण आठवली. तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी ही दोन गावं उठली. माझ्या सासरची भातखाचरं मुळशीच्या पाण्याखाली आहेत, त्यामुळे गाव उठणं म्हणजे काय ते मी आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकत आले आहे. मुलांना तिथेच बाजूला घेतलं आणि दोन्ही गावांची नावं सांगितली. 16 एप्रिल 1921, रामनवमी, सेनापती बापट, मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह हे त्यांना पाठ आहे. मग अक्करपट्टी, पोफरण का नको?

विजेला माझा विरोध नाही. अणुभट्टी कोळशासारखा धूर ओकत नाही, हेही मी मुलांना आवर्जून दाखवलं. पण जमिनी कुणाच्या गेल्या, हे विज्ञानाच्या तासालाच शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या तालुक्यात पौडला असं एक दालन व्हायला हवं. त्यात भिऱ्याच्या टर्बाइनची प्रतिकृती असावी आणि शेजारी धरणात बुडालेल्या प्रत्येक गावाचं नाव. आम्ही शाळेतूनच सुरुवात करतो आहोत. ज्यांच्या घरी धरण झालं त्या काळचे सातबारे, पावत्या, फोटो असतील त्यांनी कृपया दाखवायला आणावेत. नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.